पत्ता आहे, पुरावा नाही: न्यू हेवन शहराच्या ओळखपत्राचं प्रकरण

(या प्रकरणातल्या सामान्य रहिवाशांची नावं आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील दिलेले नाहीत. गावांची आणि सार्वजनिक पदावरच्या व्यक्तींची नावं मात्र जाहीर नोंदीतली आहेत, म्हणून तशीच ठेवली आहेत.)

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन नावाचं बंदराचं शहर आहे. लोकवस्ती सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या 'अ' वर्ग नगरपालिकेएवढी. जगाला हे शहर माहीत आहे ते येल विद्यापीठामुळे. पण विद्यापीठाच्या दगडी कमानींपासून पायी पाऊण तासाच्या आत, दोन नद्यांच्या मध्ये, फेअर हेवन नावाची कामगारवस्ती आहे. एकेकाळी तिथे युरोपातून आलेली कुटुंबं राहत, नंतर प्वेर्तो रिकोचे लोक आले, आणि १९९० नंतर मेक्सिको, इक्वेडोर, ग्वाटेमाला इथून माणसं येऊ लागली. हॉटेलात भांडी घासणं, छपरं शाकारणं, बागा राखणं, ऑफिसांची साफसफाई ही त्यांची कामं.

यातल्या बऱ्याच जणांकडे अमेरिकेत राहण्याचे कागद नव्हते. कुणी व्हिसा संपल्यावर मागे राहिलेलं, कुणी सीमा चोरून ओलांडलेलं. शहरात अशी दहा ते पंधरा हजार माणसं असावीत, असा पालिकेचा त्या काळातला अंदाज होता. म्हणजे साधारण दर दहा रहिवाशांमागे एक. ही माणसं घरभाडं देत होती, दुकानात खरेदीवरचा कर भरत होती. त्यांची मुलं शहराच्या शाळेत जात होती, कारण कागद नसलेल्या मुलालाही शाळा नाकारता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच दिलेला आहे.

कुणाला देशात राहू द्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं, हे अमेरिकेत फक्त केंद्र सरकार ठरवतं. महापौराच्या हातात त्यातलं काहीच नसतं. त्याच्या हातात पोलीस चौकी असते, वाचनालय, शाळा आणि नगरपालिकेची खिडकी असते. एवढ्या बळावर एखादं शहर आपल्या रहिवाशांसाठी काय करू शकतं, हे समजून घ्यायला न्यू हेवनएवढं मोलाचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

अडचण

मजुरी रोख मिळायची, किंवा चेक वटवून लगेच रोख हाती यायची. बँकेत खातं काढायला ओळखीचा पुरावा लागतो, तो नाही. त्यामुळे आठवड्याची सगळी कमाई खिशात किंवा गादीखाली. वस्तीतल्या लुटारूंना हे पक्कं ठाऊक होतं. या मजुरांना तिथे 'चालतं-फिरतं एटीएम' म्हटलं जाऊ लागलं होतं.

लुबाडलेला माणूस पोलिसांकडे जात नव्हता. पोलिसांनी नाव-गाव विचारलं, कागद मागितले आणि पुढे केंद्राच्या अधिकाऱ्यांना कळवलं तर? हजार डॉलर गेले तर गेले, पण बायको-पोरांना मागे ठेवून देशाबाहेर जाण्याची वेळ नको. हाच हिशेब घरमालकाच्या आणि मुकादमाच्याही फायद्याचा होता. महिनाभर राबवून घ्यायचं आणि पैसे मागायला आला की 'बोलव पोलीस' म्हणायचं. परगावी बिगारी काम केलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही, फरक इतकाच की इथे तक्रार करणं हाच गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरण्याची भीती होती.

२००६ मध्ये फेअर हेवनमधल्या अशाच एका मजुराला पगाराच्या पैशांसाठी भोसकण्यात आलं आणि तो मेला. त्या खुनानं शहर हादरलं. पण त्याच्या आधी कित्येक लुटी झाल्या होत्या, ज्यांची डायरीत नोंदच नव्हती. पोलिसांच्या बाजूनंही हा मोठाच पेच होता, कारण साक्षीदार तोंड उघडत नसेल तर गुन्हेगार सापडणार कसा? पोलीसप्रमुख फ्रान्सिस्को ऑर्टिझ पुढे या साऱ्या प्रयत्नात महापौरांच्या सोबत उभे राहिले, त्यामागे माणुसकीइतकंच रोजचं पोलिसी कामही होतं.

समोर कोणते पर्याय होते

पहिली ठोस मांडणी पालिकेकडून आली नाही, हे नोंदवलं पाहिजे. फेअर हेवनमध्ये काम करणाऱ्या 'जुंटा फॉर प्रोग्रेसिव्ह ॲक्शन' आणि 'उनिदाद लातिना एन आक्सिओन' या दोन संघटनांनी येलच्या कायदा विद्यार्थ्यांना सोबत घेऊन २००५ मध्ये एक अहवाल पालिकेपुढे ठेवला. त्यात सहा सूचना होत्या. पालिकेनं रहिवाशांना ओळखपत्र द्यावं, पोलिसांनी कागदांची चौकशी करू नये, बुडवलेल्या मजुरीच्या तक्रारींची दखल घ्यावी, ही त्यातली मुख्य सूत्रं. महापौर जॉन डीस्टेफानो यांनी अहवाल फडताळात टाकला नाही. तरी कृतीला दोन वर्षं लागली आणि मधल्या काळात वर सांगितलेला खून झाला.

गप्प बसणं हा एक पर्याय होताच. त्या सुमारास देशाचा स्थलांतर कायदा सुधारण्याची चर्चा वॉशिंग्टनमध्ये जोरात होती. केंद्रच काही करतंय तर आपण कशाला हात घाला, असं म्हणणं सोपं होतं. (ते विधेयक २८ जून २००७ रोजी सिनेटमध्ये अडकून पडलं, ते पडलंच. वाट पाहणाऱ्या शहराच्या हाती काहीच आलं नसतं.)

दुसरा पर्याय पेनसिल्व्हेनियातल्या हेझल्टन गावानं निवडला होता. कागद नसलेल्याला घर भाड्यानं देणाऱ्याला दंड, कामावर ठेवणाऱ्याचा परवाना रद्द, असा नियम त्या गावानं २००६ मध्ये केला. अनेक गावं त्याची नक्कल करत होती. न्यू हेवननं बरोबर उलटी दिशा धरली.

तिसरा पर्याय होता फक्त पोलिसांना आदेश देण्याचा. तो स्वस्त होता, त्याला सभागृहाची मंजुरी लागत नव्हती आणि त्यावर गाजावाजाही झाला नसता. डिसेंबर २००६ मध्ये तसा आदेश निघाला: फिर्यादी, साक्षीदार किंवा मदत मागायला आलेल्या माणसाला त्याच्या स्थलांतराच्या कागदांविषयी विचारायचं नाही. पण चौकीत काय विचारणार नाहीत हे कागदावर लिहिलेलं आहे, एवढ्यावर घाबरलेला माणूस चौकीची पायरी चढत नाही. हातात दाखवायला काहीतरी लागतं.

चौथा पर्याय म्हणजे मेक्सिकोच्या वकिलातीचं ओळखपत्र ग्राह्य धरायचं. बरीच शहरं ते करत होती. पण ते फक्त मेक्सिकोच्या नागरिकांना मिळणारं, आणि खिशातून काढताच 'मी परदेशी' असं सांगणारं.

उरला पालिकेच्या स्वतःच्या ओळखपत्राचा पर्याय. इथे या प्रकरणातला पहिला खरा निर्णयबिंदू येतो.

निर्णयबिंदू पहिला: कार्ड कुणासाठी

कागद नसलेल्यांची अडचण सोडवायची तर कार्ड त्यांच्यासाठीच काढावं, असं वरवर वाटतं. तसं झालं असतं तर ते कार्ड म्हणजे कपाळावरचा शिक्का झाला असता. कार्ड दाखवलं की समोरच्याला लगेच कळणार, याच्याकडे कागद नाहीत. आणि कार्डधारकांची यादी म्हणजे केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी तयार पत्त्यांची वही.

म्हणून पालिकेनं ठरवलं की कार्ड शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला मिळेल. नागरिक असो, विद्यार्थी असो, म्हातारा असो की मूल. फी मोठ्यांना १० डॉलर, लहानांना ५. आणि सर्वांना ते हवंसं वाटावं म्हणून त्यात उपयोग भरले: वाचनालयाचं कार्ड तेच, शहराच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या बागेसाठी तेच, आणि थोडे पैसे भरून ठेवले तर गावातल्या पार्किंगच्या मीटरला आणि काही दुकानांतही तेच चालायचं. येलमध्ये शिकायला गेलेल्या पुण्याच्या मुलालाही पासपोर्ट आणि खोलीचा भाडेकरार दाखवून ते काढता आलं असतं. नागरिकत्व असलेल्या अनेकांनी, ज्यांना त्याची काहीच गरज नव्हती, त्यांनी रांगेत उभं राहून कार्ड काढलं. वस्तीतल्या शेजाऱ्यांवर शिक्का बसू नये म्हणून. या प्रकरणात मला सर्वात जास्त भावलेली गोष्ट हीच आहे.

निर्णयबिंदू दुसरा: काय विचारायचं आणि काय लिहून ठेवायचं

इथे १९९६ चा एक केंद्रीय कायदा समजून घ्यावा लागतो. कुठल्याही राज्याला किंवा शहराला आपल्या कर्मचाऱ्यांवर अशी बंदी घालता येत नाही की एखाद्याच्या स्थलांतराच्या स्थितीची माहिती केंद्राला देऊ नका. म्हणजे 'आम्हाला माहीत आहे, पण सांगणार नाही' असा नियम केला तर तो बेकायदा. मात्र अशी माहिती गोळा कराच, अशी सक्ती हा कायदा करत नाही. शिवाय केंद्राचं काम राज्यांच्या आणि गावांच्या अधिकाऱ्यांकडून जबरदस्तीनं करून घेता येत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात स्पष्ट केलेलं होतं.

या दोन भिंतींच्या मधल्या बोळातून न्यू हेवननं वाट काढली. खिडकीवर दोनच गोष्टी तपासायच्या: तू जो म्हणतोस तोच आहेस का, आणि तू इथेच राहतोस का. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा वकिलातीचं कार्ड, राहण्यासाठी वीजबिल, पगाराची पावती यांसारखा कागद. व्हिसाविषयी प्रश्नच नाही. ज्याची नोंद पालिकेकडे नाही, ते पालिकेकडून कोण काय घेणार?

आपल्याकडे रहिवासी दाखला काढणाऱ्याला ही कल्पना सहज कळेल. दाखला एवढंच म्हणतो की हा माणूस इथे राहतो. नागरिक कोण हे ठरवणं वेगळं, शेजारी कोण हे ठरवणं वेगळं, आणि दुसरं काम पालिकेनं करायचं.

तरी एक वही राहिलीच. कार्ड द्यायचं तर नाव, पत्ता, फोटो कुठेतरी साठवावा लागतो. त्या वहीनं पुढे पालिकेला कोर्टकचेरीसारखी झुंज द्यायला लावली, त्याकडे नंतर येतो.

मंजुरी

४ जून २००७ रोजी नगरसेवकांच्या सभेपुढे जो ठराव आला, त्याचा विषय कागदावर साधा होता: एका खाजगी धर्मादाय संस्थेकडून मिळणारा, सुमारे अडीच लाख डॉलरचा निधी या योजनेसाठी स्वीकारायचा का. 'करदात्यांचा पैसा बेकायदा लोकांवर उधळला' हा आरोप बसू नये म्हणून निधी बाहेरून आणलेला होता. समर्थक मोठ्या संख्येनं आले, विरोधकही बोलले. विरोधकांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं: कायदा मोडून आलेल्याला शहरानं मान्यता दिली तर रांगेत उभं राहून, वर्षानुवर्षं थांबून आलेल्यांवर अन्याय नाही का? या प्रश्नाला पालिकेनं दिलेलं उत्तर व्यवहाराचं होतं. ती माणसं इथे राहत आहेतच. ती अंधारात राहिली तर गुन्हे वाढतात, आणि त्याची झळ सर्वांनाच बसते. मतदान झालं: बाजूनं २५, विरोधात १.

छापे

दोनच दिवसांनी, ६ जूनच्या पहाटे, केंद्राच्या स्थलांतर अंमलबजावणी खात्याच्या, म्हणजे 'आइस'च्या, अधिकाऱ्यांनी फेअर हेवनमध्ये घरोघर छापे घातले. पुढच्या काही दिवसांतले मिळून तीसेक जण पकडले गेले. ज्यांच्या नावावर आधीपासून हद्दपारीचे आदेश होते, असे त्यात मोजकेच. बाकीचे त्या घरात सापडले म्हणून उचललेले. न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट नव्हतं. दार उघडताच आत घुसले, असं घरच्यांनी सांगितलं. शाळेची तयारी करत असलेल्या पोरांसमोर बापाला बेड्या पडल्या.

महापौरांनी जाहीरपणे आरोप केला की हा कार्डाचा सूड आहे. केंद्राच्या गृहसुरक्षा खात्याचे मंत्री मायकल चेर्टॉफ यांनी तो नाकारला आणि ही मोहीम आधीपासून ठरलेली होती असं कळवलं. सूड होता की नव्हता, हे सिद्ध झालेलं नाही. मात्र माहितीच्या अधिकारात पुढे बाहेर आलेल्या ईमेलमध्ये या मोहिमेसाठी राज्य पोलिसांना बोलावताना 'अठरा पत्ते आहेत, मजा येईल' असा सूर होता. ज्यांची दारं वाजणार होती त्यांच्याविषयी सरकारी माणूस असं लिहू शकतो, हे वाचताना आजही घशाशी आवंढा येतो.

वस्ती एका दिवसात सुनी झाली. लोक कामावर जाईनात, मुलांना शाळेत धाडीनात. फेअर हेवनमधलं चर्च आणि जुंटाचं कार्यालय हीच दोन ठिकाणं लोकांना सुरक्षित वाटत होती. येलच्या कायदा विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी पकडलेल्यांची वकीलपत्रं घेतली. जामिनासाठी गावानं पैसे जमवले.

निर्णयबिंदू तिसरा: पुढे जायचं की थांबायचं

हा क्षण सर्वात कठीण होता. कार्डाचं वाटप जुलैत सुरू होणार होतं. थांबण्याची कारणं भक्कम होती. लोक भेदरलेले असताना त्यांना पालिकेत बोलावून नाव-पत्ता लिहून घेणं बरोबर का? उद्या ती यादी कुणाच्या हाती पडली तर? आणि कुणीच आलं नाही तर सगळी योजना फसली असं दिसणार.

पुढे जाण्याचं कारण एकच होतं, पण तेही तितकंच भक्कम. आता मागे हटलं तर वस्तीला कायमचं कळणार की पालिकेचा शब्द पहिल्या धक्क्याला मोडतो. डिसेंबरमध्ये पोलिसांना दिलेल्या आदेशावरचा विश्वासही त्यासोबत गेला असता.

हा निर्णय पालिकेनं एकटीनं घेतला नाही, आणि माझ्या मते म्हणूनच तो टिकला. समाजसेवा विभागाच्या प्रमुख किका मातोस या पूर्वी जुंटाच्याच संचालक होत्या. वस्तीतल्या स्वयंपाकघरात काय बोललं जातंय हे त्यांना फाइल न उघडता माहीत होतं. ज्या लोकांना धोका पत्करायचा होता, त्यांच्याच संघटना म्हणाल्या की पुढे जा.

२४ जुलै २००७ रोजी खिडकी उघडली तेव्हा पालिकेच्या इमारतीत रांग मावेना. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, कामाच्या कपड्यांतले मजूर, आणि त्यांच्यामध्ये येलचे विद्यार्थी व जन्मानं अमेरिकन असलेले शेजारी. बाहेर काही विरोधक फलक घेऊन उभे होते. त्यानंतरच्या काही महिन्यांतच पाच हजारांहून अधिक कार्डं दिली गेली. अमेरिकेतल्या एखाद्या शहरानं स्थलांतराचे कागद न विचारता सर्व रहिवाशांना दिलेलं हे पहिलं ओळखपत्र.

काय निष्पन्न झालं

यादीची झुंज लगेच सुरू झाली. विरोधकांनी आणि एका पत्रकारानं राज्याच्या माहिती कायद्याखाली कार्डधारकांची नावं-पत्ते मागितले. सरकारी दस्तऐवज आहे, तर जनतेला दाखवा. पालिकेनं नकार दिला. नावं उघड झाली तर या माणसांच्या जिवाला धोका आहे, असं राज्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनीही सांगितलं. २००८ मध्ये माहिती आयोगानं पालिकेच्या बाजूनं निर्णय दिला. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही कलम ८(१)(छ) मध्ये जीविताला किंवा शारीरिक सुरक्षिततेला धोका असेल तर माहिती नाकारण्याची सोय आहे, त्यामुळे हा वाद मराठी वाचकाला परका वाटू नये. पण लक्षात घ्या, यादी बचावली ती आयोगासमोरच्या युक्तिवादावर. उलट निकाल लागला असता तर हजारो घरांचे पत्ते वर्तमानपत्रात आले असते.

छाप्यांच्या प्रकरणांना जास्त वेळ लागला. अधिकारी वॉरंट किंवा संमती नसताना घरात शिरले, असं म्हणत स्थलांतर न्यायाधीशानं २००९ मध्ये काही जणांवरची हद्दपारीची कारवाई रद्द केली. छाप्यांवरून केंद्र सरकारवर दावा लावणाऱ्या ११ जणांशी सरकारनं फेब्रुवारी २०१२ मध्ये तडजोड केली: मिळून ३,५०,००० डॉलर आणि देशात राहण्याबाबत सवलत. पकडलेल्या सगळ्यांच्याच वाट्याला हे आलं नाही. आणि पावणेपाच वर्षं हद्दपारीच्या टांगत्या तलवारीखाली काढलेल्या कुटुंबाला तो चेक काय भरपाई देणार?

या निर्णयाचं मोल जोखायचं तर शेजारी बघावं. न्यू हेवनला चिकटून ईस्ट हेवन नावाचं गाव आहे. तिथले पोलीस लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, दुकानदारांना आणि गाडीवाल्यांना त्रास देत होते. २००९ मध्ये फेअर हेवनच्या चर्चमधले पाद्री हे चित्रित करायला गेले तर त्यांनाच अटक झाली. केंद्राच्या न्याय खात्यानं चौकशी केली, २०१२ मध्ये चार पोलिसांना अटक झाली, चौघांनाही पुढे तुरुंगवास झाला, आणि २०१४ मध्ये गावाला दिवाणी दाव्यात ४,५०,००० डॉलरवर तडजोड करावी लागली. एकाच खाडीच्या काठावर, एकाच समाजाशी, दोन पालिका इतक्या वेगळ्या वागल्या.

आणि हेझल्टन? त्या गावाचा नियम न्यायालयानं २६ जुलै २००७ रोजी, म्हणजे न्यू हेवनची खिडकी उघडल्यानंतर दोनच दिवसांनी, घटनाबाह्य ठरवला. गाव अपिलात लढत राहिलं, हरत राहिलं, आणि शेवटी २०१५ मध्ये समोरच्या पक्षाच्या वकिलांचे सुमारे १४ लाख डॉलर गावाच्या माथी आले. करदात्यांच्या पैशाची काळजी करणाऱ्यांनी अडीच लाखांच्या बाहेरून आणलेल्या निधीशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

न्यू हेवनमागून सॅन फ्रान्सिस्कोनं २००९ मध्ये कार्ड सुरू केलं, न्यूयॉर्कनं २०१५ मध्ये. कनेक्टिकट राज्यानं २०१३ मध्ये कायदा करून कागद नसलेल्यांनाही फक्त वाहन चालवण्यापुरता परवाना देण्याची सोय केली, जे काम शहराच्या आवाक्यातलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट यादीची. कार्ड देताना कोणती माहिती किती दिवस ठेवायची आणि कधी नष्ट करायची, हे पहिल्या दिवशीच नियमात लिहायला हवं. न्यूयॉर्कनं अर्जासोबतचे कागद २०१६ अखेर नष्ट करता येतील अशी तरतूद ठेवली. तरी विरोधातल्या दोन लोकप्रतिनिधींनी दावा लावला आणि २०१७ मध्ये न्यायालयानं परवानगी देईपर्यंत शहराला श्वास रोखून थांबावं लागलं. शिकागोच्या अशाच कार्डाच्या अर्जदारांची माहिती २०२५ मध्ये आइसनं समन्स काढून मागितली. तिथे आधी खिडकीवर कागद पाहून परत दिले जात, नंतर ऑनलाइन अर्ज सुरू झाले आणि कागद साठू लागले. लोकांची सोय करायला म्हणून केलेला बदल त्यांच्याच अंगावर येऊ शकतो, हे न्यू हेवनची २००८ ची झुंज पाहिलेल्या कुणालाही आधी दिसायला हवं होतं.

दुसरी गोष्ट बँकांची. सगळी सुरुवात झाली ती रोख रकमेपासून. काही बँकांनी कार्डाला दुय्यम पुरावा म्हणून मान दिला, पण कार्ड हाती आलं म्हणजे खातं उघडलं असं झालं नाही. वाटप सुरू होण्याआधीच बँकांशी लेखी करार करून घेतले असते, तर खिशातली रोख पहिल्याच वर्षी कमी करता आली असती. पार्किंगच्या मीटरवर जेवढा विचार झाला, त्याहून अधिक तो इथे व्हायला हवा होता.

बुडवलेल्या मजुरीचा प्रश्न तर कार्डानं सुटणाराच नव्हता. २००५ च्या अहवालात तो होता, पण सगळा प्रकाश कार्डावर पडला आणि तो मागे राहिला. कार्ड लोकांच्या हातात देता येतं, फोटो काढता येतो. मुकादमाकडून थकलेली मजुरी वसूल करायला कारकून लागतो, निरीक्षक लागतो, वर्षानुवर्षं पाठपुरावा लागतो.

शेवटची गोष्ट क्रमाची. ठराव होण्याच्या कितीतरी आधीपासून हा विषय देशभरच्या बातम्यांत होता. केंद्राची नजर या वस्तीवर पडू शकते, हे गृहीत धरून तयारी ठराव मांडण्यापूर्वीच पुरी व्हायला हवी होती. दार वाजलं तर न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट मागायचं, ते नसेल तर दार उघडायचं नाही, हे घराघरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं होतं. आई-बाप दोघंही उचलले गेले तर मुलांना शाळेतून कोण आणणार, त्याचं नाव शाळेत लिहून ठेवलेलं असायला हवं होतं. आणि जामिनाचा निधी. तो गावानं उभा केला, मनापासून केला, पण माणसं तुरुंगात गेल्यावर. ४ जूनला सभागृहात टाळ्या वाजत होत्या, तेव्हा तो पैसा बँकेत हवा होता.